साठ किलोंची चकली आणि सासूबाईंचा हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या ताई चार वर्षांपासून घरून चकली, शेव आणि भाजणी विकतात. सुरुवातीला त्या आणि सासूबाई अशा दोघीच होत्या, दिवसाला फार तर आठ-दहा किलो माल व्हायचा. आता नऊ बायका कामाला आहेत आणि दिवाळीच्या तोंडावर दिवसाला ६० किलोंपर्यंत माल निघतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून गेल्या वर्षापासून त्या कढईपाशी उभ्या राहत नाहीत. कृती तीच, किराणावाला तोच, तेलही तेच. तरी जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, "पूर्वीसारखी राहिली नाही." काही पाकिटं मऊ पडतात, काही तेलकट लागतात. मशीन घ्यावं, देखरेखीला कोणी ठेवावं की माल कमी करावा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी डोंबिवलीत २३ वर्षं फराळ करते. तुमचा प्रश्न वाचताना मला माझी सातवी दिवाळी आठवली. १५ किलोंवरून ७० वर गेलो होतो, भाड्यानं गाळा घेतला होता आणि मी पहिल्यांदाच कढईसमोरून उठून फोन आणि पार्सलांच्या टेबलाशी बसले होते. आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका दरवर्षी तीन किलो चकली न्यायच्या. त्या वर्षी त्यांनी तक्रार केली नाही, पैसेही परत मागितले नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा फक्त म्हणाल्या, "यंदा तू नाही केल्यास ना?" पाकीट तेच होतं, नाव तेच होतं, त्यांना कसं कळलं कोण जाणे. पण खरं होतं. त्या दिवाळीत मी एकाही घाण्याला हात लावला नव्हता.

तुमच्या प्रश्नात सासूबाईंच्या गुडघ्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला वाटतं, उत्तर तिथेच आहे. तुम्ही म्हणता कृती तीच आहे. असेल. पण सासूबाई कृतीप्रमाणे कधीच करत नव्हत्या. हरभरा डाळ जरा सर्द वाटली तर त्या दोन मिनिटं जास्त भाजत होत्या. पहिली चकली तळून, मोडून, आत पोकळ नळी पडली का बघत होत्या आणि पीठ घट्ट वाटलं तर पाण्याचा हात लावत होत्या. तेलावर फेस जास्त दिसला तर आच कमी-जास्त करत होत्या. यातलं काहीही त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, कारण हे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल. लहान धंद्यातला माल चांगला असतो तो दिवसभरातल्या असल्या शंभर बारीक दुरुस्त्यांमुळे. धंदा वाढला की नऊ जणींना कृती शिकवली जाते, दुरुस्त्या कोणी शिकवत नाही. बायका कामचुकार नसतात. त्या तुम्ही सांगितलं तेवढं अगदी तसंच करतात, आणि घोळ तिथेच होतो.

मी त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर पाच किलोंचा एक साधा घाट घातला. सगळं एकटीनं केलं. शेजारी भाचीला वही देऊन बसवलं आणि सांगितलं की कृतीत नसलेलं माझा हात जे जे करेल ते लिही. चार पानं भरली. "धने हातावर चोळून वास घेतला." "तांदूळ दाताखाली धरून बघितला." "मोहन ओतण्याआधी चिमूटभर पीठ तेलात टाकलं, चुर्र झालं तेव्हा ओतलं." "तिसऱ्या घाण्याला गॅस दोनदा कमी केला." मला स्वतःला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

तुम्ही हेच सासूबाईंबरोबर करा. त्यांना खुर्चीवर बसवा, उंच स्टुलावर शेगडी ठेवा, दोन किलोंचंच करा. एक सांगते, "तुम्ही कसं करता?" असं विचारू नका. "अंदाजानं" असं उत्तर येईल आणि दोघींचा दिवस वाया जाईल. बघत बसा आणि त्यांचा हात थांबला की लगेच विचारा, "आत्ता का थांबलात?" याचं उत्तर प्रत्येक बाई देऊ शकते.

मग त्या पानांतलं जे वजनात, वेळेत किंवा तापमानात मांडता येईल ते मांडायचं. सुरुवात वाटीपासून करा. आमच्या भाजणीचं प्रमाण घराघरात असतं तेच होतं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, वर पोहे, धने, जिरे. मी एक दिवस सगळ्यांना हरभरा डाळीची एकेक वाटी भरायला सांगितली आणि काट्यावर ठेवली. एकीची वाटी १६८ ग्रॅम भरली, एकीची १९६. एक सपाट भरत होती, दुसरी शिगेनं. दोघींचंही चुकलं नव्हतं, कारण "वाटी" एवढंच मी शिकवलं होतं. घरच्या चार वाट्यांत याचा फरक जाणवत नाही. पण ४० किलोंच्या दळणात कोण मोजतंय यावर एकट्या हरभरा डाळीचं प्रमाण दीड-दोन किलोंनी इकडचं तिकडे होऊ शकतं आणि मग चकली एका दिवशी कडक तर दुसऱ्या दिवशी ठिसूळ निघते. तेव्हापासून आमच्याकडे मीठसुद्धा वजनानं पडतं, किलो भाजणीला २० ग्रॅम. काटा दर सोमवारी किलोच्या शिक्क्याच्या वजनानं तपासतो. काट्यावर विश्वास ठेवायचा तर तोही अधूनमधून तपासायला हवा, हे मला एकदा महागात पडून कळलं.

आता भाजणं. माझ्या मते तुमची चव इथेच गेली आहे. दोन किलो डाळ लोखंडी कढईत भाजली आणि परातीत ओतली तर ती दहा मिनिटांत निवते. दहा-बारा किलो डाळ तेवढीच भाजून एका घमेल्यात ढीग करून ठेवली तर ढिगाच्या पोटात ती भाजतच राहते. वरची डाळ सोनेरी, आतली तांबूस. दळल्यावर दोन्ही एक होतात आणि कडवट झाक येते, जी कुणाला नेमकी सांगता येत नाही. गिऱ्हाईक मग "पूर्वीसारखी नाही" म्हणतं. माल वाढवला की हे भाजणं थोडं आधी थांबवायचं, कढईतून थेट सुती कापडावर पातळ पसरायचं आणि प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. वेगळं भाजायचं हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण घाईच्या दिवशी उडीद आणि मूग एकत्र टाकायचा मोह होतो. मूग आधी होतो, उडीद मागे राहतो. मी रंगासाठी एक उपाय केलाय. बरोबर भाजलेल्या प्रत्येक डाळीची मूठभर काचेच्या बाटलीत भरून भट्टीशेजारी खिडकीत ठेवते. भाजणारी बाई बाटली शेजारी धरून बघते. दर दोन महिन्यांनी बाटली बदलायची, नाहीतर तिचाच रंग उतरतो.

तांदळाचं एवढंच सांगते की धुतलेला तांदूळ सावलीत कडकडीत वाळल्याशिवाय भाजू नका. दिवाळी नोव्हेंबरात आली तर फारसा त्रास होत नाही. २०२५ सारखी ऑक्टोबरात आली की परतीच्या पावसाची दमट हवा असते आणि तांदूळ वाळल्यासारखा दिसतो पण पोटात ओला राहतो. तशा वर्षी आम्ही तांदूळ धुण्याचं काम गणपती संपल्यावर लगेच, उघडीप बघून सुरू करतो आणि वाळवून डब्यात भरतो.

गिरणीची एक गोष्ट सांगते, कारण यातून मला बॅच नंबरची किंमत कळली. एका वर्षी आमच्या चकल्या वातड झाल्याच्या तक्रारी आल्या, पण सगळ्या नाही. पाकिटावर बॅच नंबर घालणं अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे आणि तोपर्यंत आम्ही तो निव्वळ नियम म्हणून, नुसती तारीख टाकून उरकत होतो. त्या वर्षी मात्र भाचीच्या आग्रहानं तारखेपुढे पिठाच्या डब्याचा नंबर टाकायला लागलो होतो, १४/१, १४/२ असा. तक्रारीची पाकिटं मागवली, सातपैकी सहा /१ ची निघाली. म्हणजे कुठल्याही दिवसाचा पहिला डबा. गिरणीत जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं की सकाळी आमच्या आधी गव्हाची दळणं होत होती आणि गिरणीत अडकलेलं गव्हाचं पीठ आमच्या पहिल्या डब्यात उतरत होतं. पूर्वी मी स्वतः दळण न्यायचे तेव्हा "आधी मूठभर तांदूळ टाका" असं सांगायचे आणि ते पीठ वेगळं काढायचे. दळण पोचवणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गव्हाची ॲलर्जी असलेलं कुणी ते खाल्लं असतं तर, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. आता किलोभर तांदूळ आधी दळून तो बाजूला काढतो आणि त्या पिठाच्या घरी उकडी, घावन होतात. डब्याचे नंबर नसते तर मी डाळ बदलली असती, दुकानदार बदलला असता, कदाचित कढईवरच्या वहिनींनाही बोलले असते.

पीठ भिजवण्यात साठ किलोंची घाई सर्वांत जास्त नडते. सकाळी एकदम पाच-सहा किलो तिंबून ठेवायचं आणि दुपारपर्यंत पाडत राहायचं, असं तुमच्याकडे होत असणार. पडून राहिलेल्या पिठाची चकली तेल पिते आणि लाल होते. तुमच्या तेलकट पाकिटांचं कारण मी आधी इथे शोधेन. दोन घाण्यांना पुरेल एवढंच पीठ भिजवा, ओलं फडकं झाका, संपलं की पुढचं. एक बाई दिवसभर फक्त भिजवत बसली तरी चालेल. पाणी किती हे मात्र वहीत कायमचं लिहून ठेवता येत नाही, कारण प्रत्येक दळण वेगळं पाणी पितं. नवा डबा उघडला की १०० ग्रॅम पीठ, मापलेलं पाणी आणि त्याच्या दोन-तीन चकल्या. मोडून नळी बघायची, खाऊन बघायचं आणि त्या डब्यावर खडूनं पाण्याचा आकडा लिहायचा. सासूबाई पहिली चकली मोडून बघायच्या ना, तेच हे, फक्त आता सगळ्यांना दिसेल असं.

तळणीतही हाच हिशेब आहे. मोठी कढई आणली की बायका मोठा घाणा टाकतात. तेल १७५ अंशांवर असताना आमच्या कढईत एकदम चाळीस चकल्या टाकल्या तर थर्मामीटरचा काटा १४० च्या खाली जायचा आणि परत वर यायला चार-पाच मिनिटं लागायची. तेवढा वेळ चकली तेलात भिजत पडलेली असते. पंचवीस टाकल्या तर १६० च्या आसपास थांबतो आणि लगेच सावरतो. म्हणून आमच्या कढईच्या वर भिंतीवर रंगानं "२५" लिहिलंय. पाहुणे विचारतात हा कसला आकडा. साधा तळणीचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, मशीनचा विचार करण्याआधी तो घ्या.

तेलाबद्दल तुम्ही "तेलही तेच" म्हणालात. कंपनी तीच असेल, पण तेल किती वेळा तापलं? दहा किलोंच्या दिवसांत तेल संध्याकाळी संपून जायचं आणि उरलं तर भाजीला लागायचं. साठ किलोंत तेच तेल दिवसभर तापतं आणि वर नवीन ओतत राहतात. ओतलेलं नवीन तेल जुन्याला तरुण करत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापून खराब झालं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात; ती एकूण २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायच्या पट्ट्या मिळतात, मोठ्या कामाला मीटरही मिळतं. आम्ही पट्टीची वाट न बघता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कढई रिकामी करतो, तेल गाळतो, तळाचा जळका चुरा काढून टाकतो. त्या चुऱ्यामुळेच तेल लवकर काळं पडतं आणि महिनाभरात चकलीला खवट वास येतो.

मऊ पडणाऱ्या पाकिटांचं कारण बहुतेक वेळा कढईपाशी नसतं, पॅकिंगच्या टेबलापाशी असतं. दहा किलो चकली परातींत पसरली की तासाभरात निवायची. साठ किलोंना परातीच पुरत नाहीत, मग टोपल्यांत थर होतात आणि मधला थर दोन तासांनीही कोमट असतो. कोमट चकली पाकिटात भरून तोंड बंद केलं की आतल्या आत वाफ धरते. तुम्ही नऊ बायकांना काम दिलंत, कढई मोठी घेतलीत, गॅस वाढवलात. पण निवायची जागा तेवढीच राहिली असणार. आमचीही तशीच राहिली होती. जाळीच्या फळ्यांची उंच घडवंची करून घेतली, एका फळीवर एकच थर, आणि टेबलापाशी नियम केला की चकली गालाला लावून गार लागली तरच भरायची. हाताला कळत नाही, दिवसभर गरम-गार धरून हात बधिर झालेले असतात.

नमुने ठेवता का? प्रत्येक दिवसाच्या मालातलं एक पाकीट फळीवर ठेवून द्या, विकायचं नाही. १५ व्या, ३० व्या, ४५ व्या दिवशी उघडायचं त्याप्रमाणे तीन ठेवलीत तर उत्तम. पाकिटावर आपण टिकण्याची मुदत छापतो ती बहुतेक जण शेजारच्याचं बघून छापतात. मीही छापली होती. पहिल्यांदा नमुने उघडले तेव्हा कळलं की ६० दिवसांची चकली ४५ व्या दिवशीच थकते. मुदत खाली आणली, विक्रीला काही झालं नाही. परदेशी पार्सलं घेत असाल तर हे करायलाच हवं. अमेरिकेत मुलाला पाठवलेला डबा कधी कधी तीन आठवडेही वाटेत असतो आणि तिकडे तो पुढे महिनाभर पुरवून पुरवून खातात. आपल्या मालाची सगळ्यात कडक परीक्षा डोंबिवलीत होत नाही, न्यू जर्सीत होते.

आता माणसांचं. माझी मोठी चूक इथली आहे. त्या सातव्या दिवाळीनंतर मी घाबरून नियम काढला की ज्या बाईच्या घाण्यात मोडकी किंवा करपलेली चकली निघेल तिचे पैसे कापायचे. पंधरा दिवसांत मोडकी चकली दिसेनाशी झाली. मी खूश. मग एकदा गिऱ्हाइकानं पाकिटाचा फोटो पाठवला, वर अख्ख्या चकल्या छान रचलेल्या आणि तळाशी चुरा. बायका मोडकी लपवत होत्या, दुसरं काय करणार? नियम मागे घेतला. आता चुऱ्याचा वेगळा डबा आहे, त्याचं रोज वजन होतं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं जातं. चुरा आम्ही चिवड्याला वापरतो किंवा बायका घरी नेतात. आकडा वाढला तर कुणाला बोलायचं नाही, पिठाचा डबा कुठला होता ते बघायचं. तुमच्याकडे किलोवर मजुरी असेल तर तळणाऱ्या बाईला तरी दिवसाची मजुरी द्या. किलोवर पैसे मिळणारी बाई पंचवीसच्या जागी चाळीस चकल्या टाकणारच. तिच्या जागी मी असते तर मीही टाकल्या असत्या.

आणि घाणा थांबवायचा अधिकार कढईवरच्या बाईला द्या. "पीठ बरोबर नाही" असं ती म्हणाली तर तुम्हाला फोन करून विचारायची वाट न बघता तिनं गॅस बंद करायचा. आमच्या वहिनींनी पहिल्यांदा असं केलं ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. माझ्या पोटात गोळा आला होता, पण मी गप्प बसले. सात किलो पीठ बाजूला काढलं, त्याचं थालीपीठ झालं. वहिनींचं बरोबर होतं, मोहन दोनदा पडलं होतं.

देखरेखीला बाहेरून माणूस आणू नका. तुमच्या नऊ जणींत एक तरी अशी असेल जिची जीभ चांगली आहे. तिला दिवसातून दोन वेळा चव बघायचं काम द्या, सकाळी कामाला सुरुवात करताना आणि दुपारी जेवणाआधी. मिश्री लावणारी किंवा तंबाखू खाणारी नको, तिला मीठ-तिखट कमीच वाटणार. तळणारीही नको. चार तास तेलाच्या वाफेत उभं राहिल्यावर नाकाला काही कळत नाही. तुमची स्वतःची जीभही दिवाळीत बिनकामाची होते, हे मान्य करा.

कुठलं काम एका हातात ठेवायचं आणि कुठलं वाटून द्यायचं, यासाठी मला लिज्जतचं उदाहरण नेहमी आठवतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापेक्षा कामाचं हे आहे की पुढे हजारो बायका पापड लाटू लागल्या तरी पीठ घरोघरी तिंबलं जात नाही. ते केंद्रात तयार होतं, बायका मळलेलं पीठ घरी नेतात, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि तिथे पापड तपासून, वजन करून घेतला जातो. चव ठरवणारं काम एका जागी, हाताचं काम पसरलेलं आणि मध्ये रोजची तपासणी. आणखी एक: अगदी सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका पापड कमी भावात जायचा. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच चांगली प्रत करा. मलाही एकदा दुकानदारानं "स्वस्तातली एक चकली काढा" म्हणून गळ घातली होती. दोन प्रती असल्या की बिघडलेला घाणा टाकायला जागा मिळते, आणि मग घाणे बिघडायला लागतात. मी काढली नाही.

तुमच्या बाबतीत चव ठरवणारं काम म्हणजे भाजणी. ती तुमच्याच घरी, तुमच्या किंवा सासूबाईंच्या नजरेखाली होऊ द्या. पाडणं, तळणं, भरणं पसरू द्या.

मशीनचं उत्तर यावरून निघतं. चकली पाडायचं मशीन सगळे आधी घेतात, कारण ते चालताना बघायला मजा येते. पण हातानं सोऱ्या फिरवणारीला पीठ घट्ट झालेलं मनगटाला कळतं, मशीनला कळत नाही, ते तशीच चकली भराभर पाडत राहतं. आधी काटा, थर्मामीटर, घडवंची. मग गरज वाटली तर ड्रमचा रोस्टर, म्हणजे फिरत्या पिंपात धान्य भाजायचं यंत्र, पण त्यात भाजणीची वेळ पुन्हा नव्यानं बसवावी लागेल, कढईचा अनुभव तिथे चालणार नाही. पाडायचं मशीन सगळ्यात शेवटी, आणि ते दिवाळीच्या तोंडावर नाही, उन्हाळ्यात आणा. चुका करायला वेळ मिळतो.

किती माल करायचा हे किलोंत ठरवू नका, घाण्यांत ठरवा. तुमच्या कढया, तुमच्या फळ्या, निवायला लागणारा वेळ यात दिवसाला किती घाणे बसतात ते मोजा आणि तेवढ्यावर ऑर्डर बंद करा. आम्ही वसुबारसेच्या दहा दिवस आधी ऑर्डर घेणं थांबवतो. पुण्यातल्या "माल संपला" या पाटीची आपण इतकी वर्षं टिंगल केली, पण ती पाटी लावायला धीर लागतो. पहिल्या वर्षी मी फोन उचलायलाच घाबरत होते. ज्यांना नाही म्हटलं त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी नवरात्रातच ऑर्डर देऊन गेले.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक दुपार काढा. सासूबाईंच्या नजरेखाली भाजलेल्या भाजणीची किलोभर चकली करा. नेहमीच्या मालातली त्याच दिवशी तळलेली चकली घ्या. तीन ताटल्या मांडा, दोन ताटल्यांत एक प्रकार, तिसरीत दुसरा, कुठल्या त्या फक्त तुम्हाला ठाऊक. आठ-दहा जुन्या गिऱ्हाइकांना बोलवा, एकेकाला खायला द्या आणि "चांगली कुठली" न विचारता "वेगळी कुठली" एवढंच विचारा. प्रत्येकासाठी ताटल्यांचा क्रम बदला, मध्ये पाणी प्यायला द्या. नुसत्या अंदाजानंसुद्धा तिघांतला एक जण बरोबर सांगणारच, त्यामुळे दहापैकी तीन-चार जणांनी ओळखली तर चव गेलेली नाही, गडबड निवण्यात आणि पॅकिंगमध्ये आहे असं समजा. सात-आठ जणांनी ओळखली तर भाजणीपासून सुरुवात करा. तीस रुपयांच्या चहात एवढं कळतं, आणि महिनाभर भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसणं टळतं.

वाटीचं राहिलंच. काटा आणलात म्हणून सासूबाईंची वाटी त्यांच्यासमोर मोडीत काढू नका. त्यांना ती भरायला सांगा, पाच वेळा वजन करा आणि जो आकडा येईल तोच वहीत तुमचं प्रमाण म्हणून लिहा. माझ्या सासूबाईंची पितळी वाटी अजून आमच्या काट्याशेजारी आहे. सध्या तिच्यात नमुन्यांच्या पाकिटांची लेबलं आणि रबरबँड असतात.